अनुक्त

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तात्यांचं वाक्य अर्ध्यात अडकलं.

"इंदू, खिडकीचा पडदा जरा..." एवढं पेटीतून आलं आणि पुढे नुसती खरखर. उशाशी ठेवलेल्या पेटीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला. तात्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा जोर लावला. "पडदा... प... प..." मग तेही थांबलं.

"संयू, अगं बघ की! यांची पेटी बिघडली," इंदुमतीबाई ओरडल्या, आणि संयोगिता ओले हात ओढणीला पुसत आतून आली.

तात्या म्हणजे रंगनाथ कोष्टी. विट्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे कर्ण्यावरून सांगायचं, हे त्यांचं काम. गावातली निम्मी माणसं त्यांना चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखायची. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मेंदूच्या बुंध्याशी रक्ताची गुठळी अडकली आणि मानेखालचं सगळं शरीर लुळं पडलं. जीभ, ओठ, घसा, बोलायला काहीच उरलं नाही; भरवलेला मऊ घास तेवढा गिळता यायचा. डोळे तेवढे हलत होते आणि डोकं पहिल्यासारखंच तल्लख होतं.

माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूचा एक पट्टा जिभेला, ओठांना, स्वरयंत्राला हुकूम सोडतो. तात्यांचे हुकूम सुटत होते, खाली पोचत नव्हते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं नेमक्या त्या पट्ट्यावर केसाहून बारीक तारांची, नखाएवढी जाळी बसवली. जाळी हुकूम टिपायची, पेटीकडे बिनतारी पाठवायची, पेटी त्यातून शब्द ओळखायची आणि बोलायची. तात्या बोलायच्या तयारीत असले की तिच्यावरचा दिवा हिरवा असायचा, नाहीतर विझलेला. आवाजही तात्यांचाच होता, स्टँडवरच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला. त्यामुळे ते नुसतं "पाणी दे" म्हणाले, तरी ती कराड गाडीची सूचना वाटायची. सुरुवातीला शेजारपाजारचे मुद्दाम ऐकायला येत.

यंत्रणा अजून चाचणीतच होती. देशभरात अशी एकवीस माणसं. त्यामुळे पेटीला बटणं नव्हती, फोनवरचं ॲपही नव्हतं. बिघाड झाला की लॅपटॉप जोडायचा आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. ज्या घरात हे जमणारं कुणीतरी आहे, अशीच घरं संस्थेनं निवडली होती. संयोगिता जवळच्या साखर कारखान्याच्या संगणक विभागात बारा वर्षं होती. वय सदतीस, लग्न झालेलं नव्हतं, आणि काळा पडदा तिला हातातल्या लाटण्याइतका सवयीचा होता.

तिनं संस्थेच्या अभियंत्या नौशीन काझींना फोन लावला.

"डिस्क भरलीय," पडद्यावरचं तिनं वाचून दाखवल्यावर नौशीन म्हणाल्या. "ताई, तुम्हाला दोन डिरेक्टऱ्या दिसतील. उक्त आणि अनुक्त. उक्तला हात लावू नका. अनुक्तमधला शेवटचा महिना ठेवा आणि बाकी सगळं उडवा."

"अनुक्त म्हणजे?"

"माणूस मनातल्या मनात बोलतो ना, तेव्हाही तो पट्टा हलतो. हुकूम हळू सुटतो, इतकंच. पेटीला दोन्ही वाचता येतं. मोठ्यानं काय बोलायचं नि काय नाही हे कळावं म्हणून आम्ही मध्ये एक फाटक ठेवलंय. जाळी मेंदूवर रोज केसभर सरकते, खुणा बदलतात, म्हणून फाटकाला रोज नव्यानं शिकवावं लागतं. बोललेली वाक्यं एकीकडे, न बोललेली दुसरीकडे, असे दोन्ही नमुने त्याला लागतात. न बोललेली महिन्यानं आपोआप पुसली जायला हवीत. तुमच्या पेटीत ते चालूच केलं गेलं नाही. चूक आमची आहे. चौदा महिन्यांचं साठलंय." आणि मग हळू आवाजात, "वाचू नका, हं. नुसतं उडवा."

"वाचायला वेळ कुणाला आहे?" संयोगिता म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं.

तिनं आज्ञा टाइप केली. आर, एम, मग एक वजा चिन्ह आणि पुन्हा आर. ही आज्ञा डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा आख्खा कप्पा उडवते, तिच्या पोटातल्या डिरेक्टऱ्या आणि त्यांच्या पोटातल्या फायलीही, एका दमात. इथे कचरापेटी नसते. चुकलं म्हणून मागे वळून उचलून आणायची सोय नाही. 'नक्की का?' असंही यंत्र विचारत नाही. एकदा आज्ञेत पडलेल्या एका जास्तीच्या मोकळ्या जागेमुळे संयोगितानं आख्ख्या गळीत हंगामाच्या ऊसनोंदी उडवल्या होत्या. तेव्हापासून एंटर दाबायच्या आधी काय उडणार त्याची यादी डोळ्यांखालून घालायची, असा तिचा नेम होता.

तिनं यादी काढली. तारखांमागून तारखा पडद्यावरून वर सरकत गेल्या, आणि तिची नजर नऊ एप्रिलवर थांबली.

नऊ एप्रिलला बंगळूरचं पत्र आलं होतं. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या महासंगणकावर दोन वर्षं राहून काम शिकायचं, शिष्यवृत्तीसकट. तिनं पलंगाशी बसून ते तात्यांना वाचून दाखवलं होतं आणि तात्या म्हणाले होते, "जा. खुशाल जा." जुलैत निघायचं होतं.

तिनं उक्त उघडलं. नऊ एप्रिल, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं: जा. खुशाल जा. मग अनुक्त उघडलं. त्याच्या आधी चार सेकंद:

हिनं जाऊ नये. ही गेली तर दिवसभर मी कुणाची वाट बघू.

पलीकडे आई तात्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. संयोगितानं टाइप केलेली आज्ञा एकेक अक्षर मागे जात खोडली. पेटी बसवतानाची जुनी ध्वनिमुद्रणं कुणाला नको होती, ती उडवून तिनं पुरेशी जागा मोकळी केली. अनुक्तची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग फोन उचलून म्हणाली, "झालं, मॅडम."

दिवा हिरवा झाला. "पडदा सार," तात्या म्हणाले.

त्या आठवड्यात ती कारखान्यात डबा खाताना वाचत राहिली. नऊ एप्रिलपुरतंच बघू, असं तिनं स्वतःला बजावलं होतं, पण एक उघडली की पुढची उघडावीशी वाटायची. बहुतेक वाक्यं साधी होती. चहात आलं नाही. पंखा कमी करा. माशी बसलीय नाकावर, कुणाला दिसत कसं नाही. काही वाचून तिला हसू फुटलं. आत्याबद्दल तात्यांच्या मनात काय काय येतं हे कळलं असतं, तर आत्यानं या घराची पायरी चढली नसती. काही वाचून मात्र घास तोंडातच राहिला.

मग ती त्यातलं एकेक करायला लागली. भिंतीकडे तोंड असलेला पलंग तिनं फिरवला, म्हणजे खिडकीतून जांभळाचं झाड आणि त्याखालचा रस्ता दिसेल. दुपारचा रेडिओ बंद केला. चहात आलं घातलं. "आई, दुपारी त्यांच्याजवळ नुसती बसत जा, बोलू नकोस," असंही सांगितलं.

"नुसती बसू? का, मी काय बाहुली आहे?" इंदुमतीबाई म्हणाल्या, पण बसल्या.

तात्या खूश होते. "तुला कसं काय सगळं कळतं गं?" त्यांनी एकदा विचारलं, आणि संयोगिताला इतकं बरं वाटलं की तिनं ती फाइल उक्तमध्ये शोधून पुन्हा एकदा वाचली.

गुरुवारी तिनं बंगळूरला नकार कळवला. घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही, एवढंच लिहिलं. घरी कुणाला सांगितलं नाही. कुणासाठी काही सोडल्यावर जे एक हलकं, उंच वाटतं, तसं तिला दोन दिवस वाटत राहिलं.

घोळ झाला तो सोमवारी. तात्यांची लघवीची पिशवी बदलायचं काम पहिल्यापासून संयोगिताच करायची, कारण आईला खाली वाकता येत नव्हतं. त्याबद्दल अनुक्तमध्ये जवळजवळ रोज एक वाक्य होतं. ती सगळी एकसारखी नव्हती, पण सगळ्यांत तोंड लपवावंसं वाटणारी लाज होती. एका दिवशीचं नुसतं एवढंच होतं: पोरगी आहे माझी. तेव्हा तिनं गल्लीतल्या कदमकाकांना गाठलं. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले होते. रोज सकाळी येऊन तेवढं करून जायला ते तयार झाले.

कदमकाका गेल्यावर तात्यांनी विचारलं, "कदम कशाला?"

"तुम्हाला माझ्याकडून करून घ्यायला अवघड वाटतं ना."

तात्यांनी नजर दाराकडे नेली आणि परत तिच्यावर आणली.

"मी हे कुणाला बोललो नाही," तात्या म्हणाले.

"कळतं की मला, तात्या."

"पलंग कळला. रेडिओ कळला. आलं कळलं. आता हे." प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत होते. "संयू, या पेटीत काय आहे?"

तिची नजर लॅपटॉपच्या पिशवीकडे गेली. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटून घेतले, आणि दिवा विझला.

चार दिवस तो लागला नाही. तात्या जेवत होते, झोपत होते, डोळ्यांनी हो-नाही सांगत होते, पण बोलत नव्हते. इंदुमतीबाईंनी आधी विनवण्या केल्या, मग चिडल्या, मग देवापुढे बसल्या. संयोगितानं त्यांना पेटीची तार ढिली झाल्याचं सांगितलं, आणि खोटं बोलल्याबद्दल तिला स्वतःचीच किळस आली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं लॅपटॉप जोडला. आता वाचायचं नाही असं ठरलेलं होतं. पण बाप जगायचं सोडून देतोय की काय, ही भीती त्या ठरवण्याहून मोठी होती. तिनं त्या चार दिवसांचं अनुक्त उघडलं.

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.

पुढच्या फायलीत पुढचं. पाढा संपला की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी जाग आल्यापासून झोप लागेपर्यंत, चारही दिवस. मध्ये कुठे एखादं वाक्य निसटायचं, तहान लागली, इंदू रडतीय, आणि लगेच घाईघाईनं एकोणतीस एके एकोणतीस. दोन हजारांहून जास्त फायली होत्या. घरात शिरलेल्या माणसापासून वाचवायला हाताला लागेल ते सामान दाराला लावावं, तसे ते स्वतःच्या मनाच्या तोंडाशी पाढे रचत बसले होते. आणि घरात शिरलेलं माणूस ती होती.

संयोगितानं लॅपटॉप मिटला आणि पलंगाशी जाऊन जमिनीवर बसली.

"तात्या, मी वाचलं. चौदा महिन्यांतलं बरंच. आत्ता हे चार दिवसांचंही वाचलं."

चार दिवसांत पहिल्यांदा दिवा हिरवा झाला.

"आईनं?"

"नाही. तिला माहीतसुद्धा नाही. मॅडमनी पुसायला सांगितलं होतं. मी पुसलं म्हणून सांगितलं, पण पुसलं नाही." आणि एकदा सांगायला लागलीच आहे तर म्हणून, "बंगळूरला मी नको कळवलंय."

"का?"

"नऊ एप्रिलला तुमच्या मनात..."

"मी काय बोललो होतो?"

"जा म्हणालात."

"मग?"

"पण मनात तुम्हाला..."

"मनात शंभर येतं, संयू." तात्यांचा आवाज चढत नसे, पेटीला ते जमत नव्हतं, पण शब्द भराभर यायला लागले. "तुझी आई खोलीत आली की येतं, हिनं आता गप्प बसावं. ती गेली की येतं, कुठं गेली ही. कदम आला की येतं, याचे हात किती गार. त्यातलं एक मी उचलतो आणि बोलतो. बाकीचं सोडतो. मला आता तेवढंच काम उरलंय. हात हलत नाही, पाय हलत नाही, कूस तुम्ही बदलणार, खायला तुम्ही घालणार. काय बोलायचं आणि काय नाही, एवढंच माझ्या ताब्यात होतं. तेही तू काढून घेतलंस."

संयोगिता रडत होती. "पण ते खोटं नव्हतं ना, तात्या? मी जाऊ नये असं वाटलं ते?"

"खरं होतं. आणि जा म्हणालो तेही खरं होतं. दुसरं मी निवडलं."

दाराशी भांडं वाजलं. इंदुमतीबाई दुधाचा पेला घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्या बराच वेळ तिथे आहेत.

पेला तिथेच ठेवून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळता मळता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "संयू, यांच्या मनातलं सगळं त्यात आहे?"

"आहे."

"मग मला एकच वाचून दाखव. त्या दिवसाबद्दल काय आहे ते."

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. गुठळी झाली त्या सकाळी तात्यांनी डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणून सांगितलं होतं. इंदुमतीबाई खानापूरला बहिणीच्या नातवाच्या बारशाला निघाल्या होत्या, गाडी दारात उभी होती. "पडा जरा, बरं वाटेल," असं म्हणून त्या गेल्या. दुपारी दोनला परत आल्या तेव्हा तात्या न्हाणीच्या दाराशी पडलेले होते. तीन तास आधी दवाखान्यात आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि मग त्यांनी विषय बदलला. गेल्या अडीच वर्षांत या घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

संयोगितानं ते वाचलं होतं. आईला काय सांगावं लागेल हे तिला शब्दाशब्दानं माहीत होतं.

"आई, ते मी नाही सांगणार. तू त्यांना विचार."

"माझं तोंड होत नाही."

"मग राहू दे. पण माझ्याकडून नाही. माझं एकदा चुकलंय तेवढं पुरे."

दुपारी तात्यांनी नौशीनना फोन लावायला सांगितला. संयोगितानं आधी स्वतःचं खोटं कबूल केलं. नौशीन म्हणाल्या, "चूक आमच्यापासून सुरू झाली, ताई. काका काय म्हणतात?"

"सगळं पुसायचं," तात्या म्हणाले. "शेवटचा महिनासुद्धा. आणि पुढचं साठवायचं नाही."

"काका, मग फाटक शिकणार कशावर? आठवड्याभरात त्याला काही कळेनासं होईल. तुम्हाला संथ पद्धतीवर यावं लागेल. पेटी एक शब्द सुचवणार, तुम्ही डोळे वर केलेत की बोलणार, मग पुढचा. आत्ता तुम्ही मिनिटाला साठ शब्द बोलता. ते चार-पाचावर येईल. वर्षभरात नवी जाळी येतेय, ती न साठवता शिकेल. पण वर्ष तर जाईलच. त्यापेक्षा मी अनुक्तला कुलूप घालते. किल्ली फक्त संस्थेकडे."

"म्हणजे कुणाकडं तरी किल्ली असणारच."

"असणार," नौशीन म्हणाल्या. त्यांनी आडवळण घेतलं नाही, हे संयोगिताला आवडलं.

"चार शब्द पुरतील मला."

पुसायचं काम तात्यांनी स्वतः करायचं, ही कल्पना संयोगिताची. पेटीतून येणारे शब्द तिनं काळ्या पडद्याला जोडून दिले. पेटीला मराठीच कळत होतं, म्हणून तिनं आज्ञेला एक मराठी नाव दिलं: पूस. ते उच्चारलं की अनुक्त आतल्या सगळ्यासकट जाणार होतं. शिवाय तिनं आणखी एक पायरी घातली. यंत्र फाइल उडवतं म्हणजे मुळात यादीतलं तिचं नाव काढून घेतं आणि जागा मोकळी झाली असं जाहीर करतं. अक्षरं तिथेच पडून असतात, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जाणकार माणूस ती उकरून काढू शकतो. म्हणून आधी प्रत्येक फायलीवर अर्थ नसलेले आकडे तीनदा लिहायचे आणि मग नाव काढायचं, असं तिनं बांधून दिलं. हे सगळं तिनं तात्यांना नीट समजावून सांगितलं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर पेनड्राइव्ह लावला, त्यातली प्रत तशीच पुसली, आणि रिकामी यादी त्यांना दाखवली.

"आता तुमचं. एकदा म्हणालात की परत नाही, तात्या."

"थांब," तात्या म्हणाले. "इंदू."

इंदुमतीबाई पायथ्याशी उभ्या होत्या. "काय हो?"

"पुसलं की मला नीट बोलता येणार नाही. काही विचारायचं असेल तर आत्ता विचार."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. संयोगिता उठून बाहेर जायला लागली तशी त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"मी त्या दिवशी बारशाला गेले," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुंग्या येतात म्हणाला होतात. त्याचा राग आहे का तुमच्या मनात?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतका सरळ प्रश्न नवऱ्याला बहुतेक कधी विचारला नव्हता. दिवा हिरवा होता. तात्या छताकडे बघत राहिले. संयोगिताला वाटलं, ते आता 'नाही' म्हणतील. म्हणाले असते तर तिनं ते खरं धरलं असतं. तिला आता ते शिकायचंच होतं.

"आहे," तात्या म्हणाले.

इंदुमतीबाईंची मान खाली गेली.

"सकाळी जाग येते तेव्हा असतो. रोज असतो. हात हलवायला जातो, हलत नाही, की येतो." जरा थांबून, "तू आंघोळ घालतेस ना. पाठ पुसेपर्यंत जातो."

मग इंदुमतीबाईंनी नाक ओढलं, डोळे पुसले आणि नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "मग उद्यापासून आंघोळ साडेसहाला. कशाला उगाच आठपर्यंत ताटकळायचं?"

तात्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. हसायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"संयू, बंगळूरला पत्र लिही. आजच. चूक झाली म्हणून लिही."

"लिहिते."

"पूस," तात्या म्हणाले.

पडद्यावर काहीच दिसलं नाही. काम नीट झालं की तो पडदा काही बोलत नाही, फक्त पुढच्या आज्ञेसाठी रिकामी ओळ दाखवतो. पाच-सहा मिनिटं पेटीतला पंखा जोरात फिरला, मग शांत झाला. संयोगितानं यादी काढली. उक्त होतं. त्याच्याखाली काही नव्हतं.

आठ दिवसांत फाटक खरोखरच गोंधळलं आणि तात्या संथ पद्धतीवर आले. ते दिवस सोपे गेले नाहीत. एक वाक्य पुरं व्हायला दीड-दोन मिनिटं लागत. मध्येच चुकीचा शब्द येई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुरुवातीला इंदुमतीबाई अधीर होऊन वाक्य स्वतःच पुरं करायच्या, आणि ते हमखास चुकायचं. तात्यांना चहा हवा असायचा आणि त्या पांघरूण घालून मोकळ्या व्हायच्या. एकदा ते "ऐक... आधी..." एवढं बोलून इतक्या रागानं बघत राहिले, की तेव्हापासून त्या पदर तोंडाशी धरून वाट बघायला शिकल्या. पिशवी कदमकाकाच बदलत राहिले.

बंगळूरची जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. पुढची तुकडी जानेवारीत, पुन्हा अर्ज करा, असं उत्तर आलं. संयोगितानं अर्ज केला, पुन्हा मुलाखत दिली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं पलंगाशी बसून विचारलं, "जाऊ ना?" आणि तात्यांनी पेटीची वाटही न बघता डोळे वर केले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती वसतिगृहाच्या खाणावळीबाहेर उभी राहून घरी बोलत होती. फोनच्या पडद्यावर आईचा हात, उशी, तात्यांचा चेहरा आणि पेटीचा कोपरा एवढं दिसत होतं.

"काम... कसं... चाललंय?"

तिनं सांगितलं. ढगांची गणितं, रात्रंदिवस घोंघावणारी यंत्रं, आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेले सोबती, इडलीला कंटाळलेलं पोट. तात्या ऐकत होते. मग दिवा हिरवा झाला.

"संयू..."

ती थांबली. आईही थांबली. खाणावळीतून ताटांचा आवाज येत होता, रांग लागत होती. एक मिनिट झालं, दोन झाली. तात्या पडद्यातून तिच्याकडे बघत होते. पेटीनं एखादा शब्द सुचवला असावा, पण त्यांचे डोळे वर गेले नाहीत. मग दिवा विझला.

"काय, तात्या?"

"काही... नाही."

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी करते. आईला म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा."

"मी इथंच आहे की गं," आईचा आवाज आला, आणि फोन बंद झाला.

तिच्या खोलीत राहणारी मल्लिका ताट घेऊन मागे उभी होती. "काय म्हणतात बाबा?" तिनं तिच्या मोडक्या मराठीत विचारलं.

"काही नाही म्हणाले," संयोगिता म्हणाली, आणि ताट उचलून रांगेत उभी राहिली.